स्मरणपत्राचं सौंदर्यशास्त्र

मराठी समीक्षकांनी कादंबरीला डोक्यावर घेतलं, नवकवितेला न समजता गौरवलं, आणि ललित निबंध मेला की अजून धुगधुगी आहे यावर चहा-बिस्किटांसह परिसंवाद घेतले. पण ज्या वाङ्मयप्रकारावर या देशाचा निम्मा कारभार चालतो, त्याकडे एकाही समीक्षकाची नजर गेलेली नाही. तो वाङ्मयप्रकार म्हणजे स्मरणपत्र.

मी कॉमर्सचा पदवीधर. साहित्याशी आमचा संबंध परीक्षेतल्या निबंधापुरता. पण बँकेत लागल्यापासून गेल्या २२ वर्षांत मी स्मरणपत्रं लिहिली आहेत, वाचली आहेत, फायलीला लावली आहेत, आणि 'पाहिले' असा शेरा मारून साहेबांनी परत पाठवलेली पुन्हा त्याच फायलीला लावली आहेत. त्यामुळे या प्रकाराची अंगं मला पाठ आहेत. पहिल्या स्मरणपत्रात 'आपले लक्ष वेधण्यात येते'. दुसऱ्यात 'पुनश्च लक्ष वेधण्यात येते'. तिसऱ्यात 'खेदाने नमूद करावेसे वाटते'. चौथ्यात खेद संपतो आणि वकील सुरू होतो. भरताने रस मोजून ठेवले, पण त्यांत 'प्रतीक्षा' हा रस धरायचा राहिला. बिचाऱ्याचं काम कुठल्या कचेरीत अडकलं नसावं.

अशा या उपेक्षित प्रांतात नुकतीच एक अव्वल दर्जाची कृती माझ्या वाचनात आली. तिचं नाव आहे 'सबमिटिंग पॅचेस'. लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीच्या गाभ्यात दुरुस्ती सुचवायची असेल तर ती कशी लिहावी, कोणाला पाठवावी, आणि पाठवल्यावर उत्तर आलं नाही तर काय करावं, याची ही मार्गदर्शिका. प्रस्तुत लेख म्हणजे तिचं परीक्षण. परीक्षणासाठी प्रत मला लेखकाने पाठवलेली नाही. ती फुकट आहे, आणि हा तिचा पहिला गुण.

ती मला दिली आमच्या भाच्याने. ठाण्याला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जेवताना म्हणाला, "मामा, मी आता कर्नलला पण पाठवून बघणार आहे." आमच्या हिच्या हातातली आमटीची पळी तशीच थांबली. "ताईंना विचारलंस का रे?" ती म्हणाली. तिला वाटलं, पोरगं सैन्यात निघालं.

तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या हातात पळी असल्यास आधीच खुलासा करतो. हा कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. यंत्र आणि आपण चालवतो ते कार्यक्रम यांच्यामधला मध्यस्थ. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला आणि हा आपला फक्त छंद आहे, यातून मोठं काही व्हायचं नाही, असं जाहीर करून टाकलं. तुमच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल तर ते 'मोठं काही न झालेलं' तिथेच आहे.

आता 'ओपन सोर्स' म्हणजे काय? आपल्याकडे एखाद्या मावशी असतात, त्यांच्या अळूवडीची कृती त्या सख्ख्या सुनेलासुद्धा सांगत नाहीत. ओपन सोर्स म्हणजे याच्या बरोबर उलट. कृती दारावर लिहून ठेवलेली. कोणीही वाचावी, करून पाहावी, आणि चिंच थोडी जास्त हवी असं वाटलं तर तसं लिहून पाठवावं. या लिहून पाठवण्याला म्हणतात पॅच. आपल्याकडे त्याला ठिगळ हा नेमका शब्द आहे. फरक एवढाच की आपण ठिगळ लपवतो, ही मंडळी त्यावर सही करतात. ते ठिगळ लावायचं की नाही हे ठरवतो तो मेन्टेनर, म्हणजे स्वयंपाकघर सांभाळणारा. आणि जगातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात 'चिंच कमी पडली' हे ऐकायला कोणाला घाई नसते. तिथून पुढे स्मरणपत्राचा प्रदेश सुरू होतो.

प्रथम भाषेविषयी. मार्गदर्शिका सांगते की दुरुस्तीचं वर्णन आज्ञार्थी करावं. म्हणजे 'या दुरुस्तीमुळे अमुक व्याज बरोबर मोजले जाईल' असं न लिहिता सरळ लिहावं, 'व्याज बरोबर मोज.' जणू आपण त्या प्रणालीला हुकूमच सोडतो आहोत. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. आमच्या सगळ्या हयातीत आम्ही एकही काम केलेलं नाही. आमच्याकडे सगळी कामं 'करण्यात येतात'. कोण करतं याचा पत्ता लागू न देणं हेच त्या प्रयोगाचं सौंदर्य. इथे उलट प्रत्येक ओळीमागे माणूस उभा पाहिजे. म्हणून शेवटी सह्या. पाठवणाऱ्याने लिहायचं, 'साइन्ड-ऑफ-बाय', म्हणजे हे देण्याचा मला हक्क आहे, चोरीचा माल नाही. हा दंडक २००४ पासूनचा. वाचून पाहणाऱ्याची 'रिव्ह्यूड-बाय', चालवून पाहणाऱ्याची 'टेस्टेड-बाय', आणि 'माझी हरकत नाही' म्हणणाऱ्याची 'अ‍ॅक्ड-बाय'. आमच्याकडे याला मेकर-चेकर म्हणतात. एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने तपासून सोडायचा. जगातली सर्वात हुशार माणसंसुद्धा अखेर व्हाउचरवर दोन सह्या या तत्त्वाशीच येऊन पोहोचली, हे वाचून कॉमर्स शाखेला दोन घास जास्त जातील.

कोणत्या भागाचं ठिगळ कोणाकडे पाठवायचं याची एक नोंदवही आहे. तिच्यात प्रत्येक भागापुढे सांभाळणाऱ्याचं नाव आणि त्या भागाची अवस्था लिहिलेली असते. आणि अवस्था किती प्रांजळ! 'सपोर्टेड' म्हणजे हे बघायला कोणाला तरी पगार मिळतो. 'मेन्टेन्ड' म्हणजे कोणीतरी खरंच बघतं. 'ऑड फिक्सेस' म्हणजे माणूस आहे, पण त्याला वेळ नाही. 'ऑर्फन' म्हणजे अनाथ. तुम्हीच का नाही दत्तक घेत? कल्पना करा, आपल्या कचेऱ्यांत प्रत्येक टेबलावर अशी पाटी लावली तर! पेन्शनर मंडळी पहिल्या मजल्यावरून चौथ्यावर आणि चौथ्यावरून पुन्हा पहिल्यावर जाण्याऐवजी जिन्याशीच पाटी वाचून घरी जातील. निम्मी टेबलं 'अनाथ' निघतील हा भाग वेगळा.

पण या कृतीचा कळस आहे तिचं वाट बघण्याविषयीचं प्रकरण. मथळ्याचाच भावार्थ असा, की खचू नका आणि उतावीळही होऊ नका. एका मथळ्यात दोन्ही गोष्टी! कारण वाट बघणारा माणूस या दोनच अवस्थांत असतो, सकाळी उतावीळ आणि संध्याकाळी खचलेला. पुढे मार्गदर्शिका कबूल करते की एके काळी इथे पाठवलेली ठिगळं पोकळीत नाहीशी होत असत, आता तसं सहसा होत नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं. 'पूर्वी आमच्याकडे आलेले अर्ज गडप होत असत' असं छापील कबूल करणारी संस्था मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

मग येतात आकडे. उत्तर साधारण २ ते ३ आठवड्यांत यावं. आठवण करण्यापूर्वी निदान १ आठवडा थांबावं. गर्दीच्या दिवसांत त्याहून जास्त. गर्दी कधी, तर नवी आवृत्ती निघाली की पुढचे २ आठवडे. त्या काळात पुढच्या आवृत्तीचा माल आत घेण्याची धांदल असते. दर ९-१० आठवड्यांनी हे चक्र फिरतं. आता ज्या माणसाने ३१ मार्चच्या संध्याकाळी बँकेच्या खिडकीशी येऊन 'जरा पासबुक भरून द्या' म्हटलेलं ऐकलंय, त्याला या नियमामागचं कारुण्य वेगळं सांगायला नको.

आणि आता तो बारकावा, ज्यासाठी मी या अनाम लेखकमंडळींना मनोमन नमस्कार केला. दोनेक आठवड्यांनी तुम्ही तेच ठिगळ पुन्हा पाठवू शकता. तेव्हा विषयात 'रीसेन्ड' हा शब्द घालायचा. पण एक स्वल्पविरामसुद्धा बदलला असेल तर तो शब्द वापरायचा नाही. मग ती दुसरी आवृत्ती झाली. विषयात 'व्ही-टू' लिहायचं, आणि पहिलीपेक्षा काय बदललं ते खाली नमूद करायचं. म्हणजे वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं, की हे जुनंच आहे, किंवा हे नवं आहे, नीट बघ. आमच्याकडे २२ वर्षांत मी जी स्मरणपत्रं पाहिली, ती सगळी 'संदर्भ: आमचे वरील विषयावरील पत्र' अशी सुरू होत. वरील विषय कोणता, हे शोधण्यातच पाचवं स्मरणपत्र येई.

आता शास्त्र कितीही उत्तम असलं तरी प्रयोग केल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. प्रयोगाला भाचा हाताशी होताच. त्याने कर्नलच्या आधी एका लहानशा हिशेबाच्या प्रणालीला ठिगळ पाठवलं होतं. ती प्रणाली लाखाचा आकडा विलायती पद्धतीने लिहायची, १००,०००. आमच्यासारख्या कॉमर्सवाल्याला लाखाचा स्वल्पविराम असा सरकलेला दिसला की कुंकू गालावर लावल्यासारखं वाटतं. भाच्याने तो सरळ करून १,००,००० केला, आणि उत्तराची वाट बघत बसला. पाच आठवडे गेले. मग एका रात्री त्याने स्मरणपत्राचा मसुदा मला दाखवला. त्याचं मराठी रूप असं होतं: 'पाच आठवडे झाले. इथे कोणी जिवंत आहे का?'

मी म्हटलं, "मसुदा जोरदार आहे. पण आवक विभागात कोण बसलंय ते पाहिलंस का?"

"म्हणजे?"

"म्हणजे समोर टेबल किती, माणसं किती?"

त्याने शोधलं. त्या प्रणालीत गेल्या वर्षभरात झालेल्या जवळजवळ सगळ्या नोंदी एकाच माणसाच्या होत्या. आणि तारखा पाहिल्या तर सगळे शनिवार-रविवार, तेही रात्रीचे. म्हणजे हा गृहस्थ आठवडाभर दुसरीकडे कुठेतरी नोकरी करत होता, आणि सुट्टीच्या दिवशी, घरातली निजानीज झाल्यावर, जगाचे हिशेब सांभाळत होता. फुकट. भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग स्वतःच मसुदा पुसला.

नवा मसुदा आम्ही दोघांनी मिळून केला. पहिल्या ओळीत काम काय ते. दुसऱ्यात, ताज्या आवृत्तीवर ठिगळ पुन्हा लावून पाहिलं, बसतंय. तिसऱ्यात, वजा रकमा आणि पैशांचे अपूर्णांकही तपासले, तिथे एक खोट सापडली ती दुरुस्त केली. म्हणून ही दुसरी आवृत्ती. चौथ्यात, आणखी काही हवं असल्यास सांगावं, आणि ही सुधारणा नको असेल तर तसंही कळवावं, राग नाही. शेवटच्या ओळीवर आमच्यात वाद झाला. भाचा म्हणाला, "मामा, तू नकाराची वाट त्याला आयती दाखवतोयस." मी म्हटलं, "अरे, ज्याला नाही म्हणता येत नाही तोच गप्प बसतो. वसुलीला गेलो की हेच बघतो मी."

नऊ दिवसांनी उत्तर आलं. दोन शंका होत्या, दोन्ही रास्त. तिसरी आवृत्ती गेली. त्यावर जे उत्तर आलं ते दोन शब्दांचं: लावलं, आभार. ताईने पेढे वाटले. सोसायटीत सगळ्यांना वाटलं पोराला नोकरी लागली. पगार किती, असं एकाने विचारलंही. ताईने 'चांगला आहे' म्हणून सांगितलं.

या प्रयोगातून एक निकष निघाला. स्मरणपत्रासोबत काहीतरी काम यायला हवं. नुसतं 'काय झालं?' असं विचारणारं पत्र समोरच्याच्या टेबलावरचा ढीग एका कागदाने वाढवतं. 'एवढं मी करून आणलंय' असं म्हणणारं पत्र ढीग कमी करतं. दिसायला दोन्ही स्मरणपत्रंच. हा निकष लावून आता या वाङ्मयातल्या काही गाजलेल्या कृतींकडे पाहू.

महाकाव्य म्हणून एकाच कामाचं नाव घ्यावं लागेल. कर्नलने ठरलेल्या कामाला ठरलेल्या क्षणी जागं व्हायलाच पाहिजे, उशीर म्हणजे उशीर नाही, अशी सोय करणाऱ्या ठिगळांचा एक संच आहे. नाव 'प्रीएम्प्ट-आरटी'. कारखान्यातल्या यंत्रांना आणि ध्वनिमुद्रणाला तो लागतो. या कामाला २००४च्या सुमारास सुरुवात झाली आणि मूळ कर्नलमध्ये ते पूर्ण रुजू झालं सप्टेंबर २०२४ मध्ये. २० वर्षं! आमच्याकडे एवढ्या मुदतीत गृहकर्ज फिटतं. आणि खरोखर ते गृहकर्जासारखंच फिटलं, हप्त्याहप्त्याने. थॉमस ग्लाइक्सनर आणि मंडळी वर्षानुवर्षं त्यातला एकेक तुकडा सुटा करून, घासूनपुसून पाठवत राहिली. तो सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे हे पटवायचं, तो लागला की पुढचा. शेवटचा हप्ता ग्लाइक्सनर यांनी व्हिएन्नाच्या संमेलनात टोरवाल्ड्स यांच्या हातात छापील कागदावर, सोनेरी वेष्टनात बांधून दिला. २० वर्षांच्या पाठपुराव्यात एकदाही वकील आला नाही. ज्या ठिगळांचा उद्देशच मुळी 'उशीर होता कामा नये' हा, त्यांनाच २० वर्षं लागावीत, या योगायोगावर मात्र मी काही बोलणार नाही.

शोकांतिकेसाठी ऑस्ट्रेलियात जावं लागेल. कॉन कोलिव्हास हे पेशाने भूलतज्ज्ञ. दिवसा माणसांना झोपवत आणि उरलेल्या वेळात, आपल्या टेबलावरचा संगणक झोपेत असल्यासारखा का वागतो, यावर ठिगळं लिहीत. कुठल्या कामाला किती वेळ द्यायचा हे ठरवणारा कर्नलचा भाग बदलावा, अशी त्यांची मांडणी. काही वर्षं त्यांनी ती लावून धरली. २००७ साली तो भाग बदलला, त्यांच्या कल्पनेच्याच दिशेने बदलला. पण लागलं ते ठिगळ इंगो मोल्नार यांचं. मोल्नारांनी कोलिव्हासांना श्रेय जाहीरपणे दिलं. त्यात कसूर नाही. तरी त्याच वर्षी कोलिव्हास कर्नलचं काम सोडून गेले. दोन वर्षांनी ते स्वतःचा वेगळा भाग घेऊन आले, त्याच्या नावातला मधला शब्द घरात वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात छापता येत नाही. मार्गदर्शिकेत 'ही कल्पना अमुक यांची' असं नोंदवायलासुद्धा ओळ आहे, 'सजेस्टेड-बाय'. सोय उत्तमच. पण लग्न आपण जमवावं आणि पत्रिकेत आपलं नाव 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'च्या खाली अगदी बारीक टायपात यावं, तेव्हा काय वाटतं, हे त्या ओळीत मावत नाही.

आता फार्स. २०२० च्या ऑक्टोबरात एका कंपनीच्या वार्षिक उपक्रमात चार ठिगळं पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. मग काय विचारता! गणपतीच्या आरतीला न येणारी मंडळी प्रसादाला जशी येतात, तशी रांग लागली. कोणी कुठल्या तरी माहितीपत्रकात एक विशेषण घुसवलं, कोणी रिकामी ओळ घातली, कोणी मथळ्यात 'अप्रतिम' घातलं. या रांगेत आपले देशबांधव मोठ्या हिरिरीने उभे होते, हे देशाभिमान बाजूला ठेवून नमूद करतो. सांभाळणाऱ्यांचं काम इतकं वाढलं, की महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पाने संमती दिली असेल तिथलीच ठिगळं मोजावीत असं ठरलं. अशा पुरातून वाचायला काही प्रकल्प यंत्र नेमतात. त्या यंत्राचा ठरीव रिवाज असा, की ६० दिवस हालचाल नसली की प्रकरणावर 'शिळं' अशी चिठ्ठी, आणि आणखी ७ दिवसांनी प्रकरण बंद. खात्यात २ वर्षं व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय ठरवायचं, आणि १० वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे धाडायचे, हा आमचा नियम लोकांना निर्दय वाटतो. त्यांनी हे यंत्र पाहावं.

इथपर्यंत हसण्याचा भाग झाला. यानंतर जी कृती येते ती परीक्षणात घ्यावी की पोलिसांकडे द्यावी, हा प्रश्न आहे.

'एक्सझेड' नावाची एक प्रणाली आहे. फायली दाबून लहान करण्याचं काम करते. जगभरच्या लिनक्स संगणकांत ती कुठे ना कुठे असते. फिनलंडचे लासे कॉलिन ती वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने सांभाळत होते. २०२१ च्या अखेरीस 'जिया टॅन' या नावाने तिथे ठिगळं येऊ लागली. ठिगळं चांगली होती. मग २०२२ च्या उन्हाळ्यात स्मरणपत्रं सुरू झाली, आणि ती टॅनची नव्हेत, भलत्याच नावांची. ही ठिगळं इतके दिवस का पडून आहेत? तुम्हाला रस उरलेला नाही का? जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती का देत नाही? त्यातलं एक नाव होतं चक्क 'जिगर कुमार'. पूर्वीच्या हिंदी चित्रपटात पोस्टरवर शोभलं असतं. या नावांचा अन्यत्र कुठे मागमूस नाही. ती एकाच टोळीने घेतलेली सोंगं असावीत असा आता सगळ्यांचा कयास आहे. कॉलिन यांनी शांतपणे उत्तर दिलं, की हे बिनपगारी काम आहे, छंद आहे, हे ध्यानात असू द्या. पण स्मरणपत्रांनी आपलं काम केलं. हळूहळू टॅनच्या हाती किल्ल्या आल्या. फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत त्याने आत एक चोरदरवाजा बसवला, असा की त्यातून जगभरच्या सर्व्हरांत शिरता यावं.

तो पकडला गेला तो अर्ध्या सेकंदामुळे. आन्द्रेस फ्रॉइन्ड हे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे डेटाबेसतज्ज्ञ. दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे त्यांना खटकलं. दुसरा कोणी चहा आणायला गेला असता. हे मागे लागले, आणि २९ मार्च २०२४ ला त्यांनी सगळा प्रकार जाहीर केला. म्हणजे आमचं वर्षअखेरीचं काम सुरू असताना जगाची तिजोरी थोडक्यात वाचली होती. जिया टॅन कोण, हे अजून उघडकीस आलेलं नाही.

समीक्षक म्हणून मी त्या स्मरणपत्रांकडे पाहतो तेव्हा भाषेत ती भाच्याच्या पहिल्या मसुद्याहून वाईट नव्हती. उलट जरा सभ्यच. पण आपला निकष लावून पाहा. त्यांच्यासोबत एक ओळीचंही काम आलेलं नव्हतं. कोणी ठिगळ चालवून पाहिलं नाही, कोणी तपासून सही केली नाही, कोणी म्हटलं नाही की तुमचा थोडा भार मी उचलतो. होता फक्त दाब. आणि दाबाची गंमत अशी, की तो प्रामाणिक गरजूचा आहे की चोराचा, हे थकलेल्या माणसाला कळत नाही. इतकी वर्षं आपण सगळ्यांनी, प्रामाणिक लोकांनीच, 'काय झालं माझ्या कामाचं?' अशा नुसत्या पत्रांची इतकी सवय लावून ठेवली, की चोराला वेगळी भाषा शिकावी लागली नाही. त्याने आपलीच उसनी घेतली.

म्हणून या मार्गदर्शिकेचं मोल. तिचे नियम वाचताना किचकट वाटतात, शिष्टही वाटतात. पण १ आठवडा थांब, सही कर, काय बदललं ते लिही, या प्रत्येक नियमाने पत्रामागचा माणूस आणि त्याचं काम समोर येतं. नुसत्या आरड्याओरड्याला त्या चौकटीत जागाच नाही.

दोष एकच. वाट बघणाऱ्याचं शास्त्र तिने बारकाईने लिहिलं, वाट बघायला लावणाऱ्याचं नाही. ती उणीव २०२३ साली आलेल्या एका वेगळ्या पोथीने बरीचशी भरून काढली. कर्नलचे सुटे भाग सांभाळणाऱ्यांसाठी ती आहे. आपल्या हद्दीतलं प्रत्येक ठिगळ, कितीही क्षुल्लक असो, तपासलंच पाहिजे, असं ती बजावते. आणि पुढे एक अट घालते, जी वाचून मी चष्मा पुसला. सांभाळणारा हा माणूस असला पाहिजे. समूहाचा पत्ता, विभागाचं नाव चालणार नाही. कारण विश्वास माणसावर ठेवता येतो, टपालपेटीवर नाही.

'आपला विश्वासू' असं खाली लिहून वर सहीच्या जागी रबरी शिक्का मारणाऱ्या आमच्या पेशाला ही अट झोंबण्यासारखी आहे. तरीही आमच्या बँकेकडून जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली ते काम प्रत्यक्ष बघणाऱ्या माणसाचं नाव असावं, असा एक प्रस्ताव मी वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवला. त्याला दोन आठवडे उलटले. गर्दीचे दिवस नाहीत, वर्षअखेर लांब आहे. तेव्हा तोच प्रस्ताव उद्या पुन्हा धाडतो आहे. विषयात 'पुनःप्रेषित' हा एक शब्द घातला आहे. मजकुरात स्वल्पविरामाचाही बदल नाही.